काच धुणाऱ्या मोटारीतून खारपाणपट्ट्यात

काशीला, काश्मीरला, निदान महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसानंच प्रवासाचं वर्णन लिहावं, असा आपल्याकडे दंडक दिसतो. मी काटखेडला जाऊन आलो. तिथे बर्फ नाही, देऊळ पाहण्यासारखं नाही आणि सूर्यास्त इतर गावांत होतो तसाच होतो. पूर्णेच्या काठचं दीडशे घरांचं गाव. विहिरी भरपूर, पाणीही भरपूर, फक्त ते पिता येत नाही. खारपाणपट्ट्यात न गेलेल्या वाचकांना हे कोडं वाटेल. वऱ्हाडच्या मधोमध पूर्णेच्या दोन्ही काठांनी जमिनीखाली खार आहे. कितीही खणा, वर येतं ते मिठाचं पाणी. अमरावतीत नळाखाली बसून आंघोळ करणाऱ्यांनी या मजकुरावर नाराज होऊ नये. मीही त्यांच्यातलाच आहे.

अमरावती, सोमवार

या पाण्यावर मी दोन पत्रकं लिहिली होती. पहिल्याचं नाव ‘खार आणि सरकार’, दुसऱ्याचं ‘आणखी किती दिवस?’ छापखान्याचे मालक म्हणाले होते, की उद्गारचिन्हांचे खिळे संपले, उरलेल्या संतापासाठी पूर्णविराम वापरा. या पत्रकांच्या जोरावर मला भाऊसाहेबांचं बोलावणं आलं.

भाऊसाहेब मोर्शीचे. संत्र्यांचे मोठे बागाईतदार आणि खारपाणपट्टा पाणी समितीचे अध्यक्ष. मोर्शीत खार नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला या प्रश्नाकडे शांतपणे पाहता येतं. पट्ट्याबाहेरच्या गोड्या विहिरीवरून नळ आणून काही गावांत टाक्या बांधायच्या, असं सरकारच्या मनात आलं होतं. गावांची यादी शनिवारी अकोल्याहून वर जायची होती आणि काटखेड त्यात नव्हतं. गुरुवारी दुपारी चार वाजता अकोल्याच्या मोठ्या साहेबांनी आमचं म्हणणं ऐकून घ्यायचं कबूल केलं होतं. तोवर तीन दिवस पट्ट्यातल्या गावांतून फिरायचं, काटखेडचा एक साक्षीदार घ्यायचा आणि अकोला गाठायचं असा बेत होता.

बेत भाऊसाहेबांच्या अमेरिकन मोटारीतून पार पडायचा होता. ही मोटार त्यांनी नागपूरच्या एका परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. तिच्यात बसण्याआधी तिचं दर्शन घ्यावं लागतं.

“इथं बघा,” भाऊसाहेब म्हणाले. “काचेच्या खाली या दोन तोट्या. बशीरभाई, दाखवा.”

चालक बशीरभाईंनी पायाखालचा रबरी फुगा दाबला. दोन तोट्यांतून दोन कारंजी उडाली, काचेवर फुटली, वायपर दोनदा फिरले आणि काच लख्ख झाली. चौकातल्या आठदहा माणसांनी “वाऽ” केलं.

“गाडीतून उतरायचं नाही, फडकं घ्यायचं नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “याला म्हणतात प्रगती.”

पाण्याच्या टंचाईवर भाषणं द्यायला निघालेल्या मोटारीच्या कपाळावर दोन कारंजी! मी तिसऱ्या पत्रकाचं नाव तिथल्या तिथे ठरवलं. पण मोटार फुकट होती आणि एस. टी. काटखेडला जात नाही, म्हणून माझ्या तत्त्वांना मागच्या आसनावर घेऊन मी बसलो.

भातकुलीच्या पुढे, मंगळवार

भातकुलीपर्यंतचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणता येईल असा. पुढे काळ्या मातीतली गाडरान, म्हणजे बैलगाड्यांची वाट. हिवाळ्यात तिच्यावर वीतभर फुफाटा असतो. मोटार त्यातून गेली की तो उठतो, विचार करतो आणि पुन्हा तुमच्यावरच येऊन बसतो. त्यात कापसाचे दिवस. समोरून येणाऱ्या बैलबंड्यांवरून कापसाची पुंजकी उडून काचेला चिकटायची. बशीरभाई फुगा दाबायचे. भाऊसाहेब दर वेळी मागे वळून माझ्याकडे पाहायचे, जणू आत्ता तरी मी क्रांतीचा नाद सोडीन.

मंगळवार-बुधवारमध्ये चार गावं झाली. प्रत्येक ठिकाणी एकच क्रम. मोटारीभोवती गर्दी, कारंज्याचा प्रयोग, पाणी या विषयावर भाऊसाहेबांचं भाषण, माझ्या पत्रकांचं वाटप, जेवण. बशीरभाई दर गावात कारंज्यांच्या पाण्याची बरणी त्या गावच्या विहिरीवरून भरून घ्यायचे. बरणी मोटारीच्या पुढच्या झाकणाखाली, इंजिनाशेजारी असते. तिच्यात दोनेक शेर पाणी मावतं.

जेवणाबद्दल तक्रार केली तर जीभ झडेल. ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. रस्सा इतका तिखट, की भाऊसाहेबांचं पुढच्या गावातलं भाषण अर्धं झालं. त्याबद्दल मी त्या गावाचा ऋणी आहे. आमच्याकडे शहरात पाहुणा आला की आधी विचारतात, “चहा घेणार का?” म्हणजे नाही म्हणायला वाव ठेवतात. इथे विचारतच नाहीत. तुम्ही टेकलात की तांब्या पुढे येतो.

काटखेड, बुधवार

काटखेडला मी तिसऱ्यांदा येत होतो. बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकडे. उतरायचं गिरजाबाईंकडे हे ठरलेलं. बाई पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, बोलायला आमच्या छापखान्याच्या यंत्रासारख्या: एकदा फिरायला लागलं की माणसानं हात मधे घालू नये. घर दोन खणांचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात दोन माठ. मुलगा अकोल्याला गिरणीत. घरी सून शेवंता, तिला सातवा महिना.

“ये बाबू,” गिरजाबाई मला म्हणाल्या. “वाळून गेला तू. पत्रकं खाऊन राह्यला काय?”

शेवंतानं तांब्या दिला. पाणी प्यायलो. मग जेवलो. वरण असं मऊ, की भाकरीवर आपोआप पसरत होतं. जेवता जेवता मी भाऊसाहेबांना खाऱ्या पाण्याचे दुष्परिणाम समजावून देत होतो. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाचं दूध फाटतं, मुतखड्यानं माणसं आडवी होतात, गिरजाबाईंचे मालक त्यातच गेले. हे सगळं माझ्या पहिल्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे. भाऊसाहेब मान डोलवत वरण ओरपत होते. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. एकाला संत्र्यांनी आंधळं केलं होतं, दुसऱ्याला स्वतःच्या लेखनानं.

गोडं पाणी मिळतं ते दोन कोसांवर, नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यात. बायका पहाटे निघतात, वाटीवाटीनं पाणी पितळी गुंडीत भरतात. जमिनीखालचा खार कुणाची जात विचारत नाही. झिऱ्यावरची रांग विचारते. वस्तीच्या बायकांचा नंबर शेवटी, तोवर झिरा गढूळलेला.

“होळीनंतर थो झिराही आटते,” गिरजाबाई म्हणाल्या. “मंग चार कोस. शेवंताचे दिवस भरतीन तवाच. हे पोरगी बाळंत होऊन खारं पानी पेईन काय? म्हनून मी साक्षीले येतो म्हनलं. नाईतर अकोल्यात काय ठेवलं माहं?”

सगळी भानगड एवढीच होती. बाकी पत्रकांचा मजकूर.

अकोल्याच्या वाटेवर, गुरुवार

गुरुवारी दुपारी बारा वाजता काटखेडहून निघालो. गिरजाबाई पुढे बसायला तयार होईनात, मागे माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसल्या. अकोला इथून नैर्ऋत्येला, त्यामुळे दुपारचं ऊन बरोब्बर समोरून. पहिल्या कोसात काचेवर धूळ बसली. बशीरभाईंनी फुगा दाबला. कारंजी उडाली खरी, पण पूर्वीची ऐट नव्हती. म्हाताऱ्याच्या थुंकीसारखी काचेच्या काठावर पडली. वायपर फिरले. पाणी वाळलं आणि काचेवर पांढरे पट्टे उमटले. त्या पट्ट्यांवर ऊन पडताच पुढचं सगळं जग दुधात बुडालं. पुन्हा फुगा. या वेळी एकच तोटी. पुन्हा. एकही नाही.

मग त्या दुधातून एकाएकी बैलाचं शिंग आलं.

बशीरभाईंनी चाक फिरवलं. कापसाची बंडी डावीकडून हातभर अंतरावरून गेली, आमची मोटार उजवीकडच्या नालीत तिरकी झाली आणि थांबली. बंडीवाला उठून उभा राहिला.

“डोये हायेत का कवड्या?” तो ओरडला. “एवढी मोठी काच लावून दिसत नाई तं मंग ते काढून टाका ना बापा!”

आख्ख्या प्रवासातलं एवढं शहाणपणाचं वाक्य दुसरं कुणी बोललं नाही.

मोटार ढकलून वर काढली. समोर नाक्यावर चहाचं एक पालाचं दुकान होतं, शेजारी चिंचेचं झाड. झाडाखाली मोटार उभी करून आम्ही प्रगतीची तपासणी सुरू केली. एक वाजून गेला होता.

“फडक्यानं पुसू या,” मी म्हणालो.

“खबरदार!” भाऊसाहेब म्हणाले. “कोरड्या धुळीवर फडकं फिरवलंत तर ओरखडे पडतील. ही काच अमेरिकेची आहे.”

“ओल्या फडक्यानं?”

“ओलं कशानं करता? पाणी बरणीत, आणि बरणीतलं बाहेर येत नाही.”

असल्या तर्कापुढे पत्रकं थिटी पडतात.

बशीरभाई मात्र शहाणा माणूस. त्यांनी झाकण उघडलं आणि पाण्याच्या मागोमाग निघाले. बरणी पाहिली, अर्ध्याहून जास्त भरलेली. तळाशी नळीच्या टोकाला बारीक जाळी असते, ती काढून झटकली, साफ. नळी कुठे दुमडली का ते बोटांनी चाचपलं, नाही. मग तोट्यांकडे जाणारी नळी तोट्यांपासून सोडवली आणि मला म्हणाले, “बाबूजी, पाय द्या फुग्यावर.”

मी जन्मात पहिल्यांदा भांडवलशाहीवर पाय दिला. नळीतून पाण्याची धार सुटली आणि बशीरभाईंच्या सदऱ्यावर गेली.

“बस,” सदरा झटकत ते म्हणाले. “फुगा चांगला, नळी चांगली. बिमारी तोटीत हाये.”

“ऊन,” भाऊसाहेबांनी निदान केलं. “रबर तापलं असेल.”

“रबर नाई, भाऊसाब. तोटी.”

“मग धूळ.”

बशीरभाईंनी दोन्ही तोट्या काढल्या. खसखशीच्या दाण्याएवढी भोकं, तीही दिसेनात. माझ्या सदऱ्याची पिन घेऊन टोचलं, पिन वाकली. मग त्यांनी एका तोटीला नळीचा तुकडा जोडला, तोंडात धरला आणि जोरानं ओढून पाहिलं. तोटी मोकळी झाली नाही, पण नळीत उरलेलं पाणी त्यांच्या घशात गेलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं माणूस जातो.

“तौबा!” थुंकत थुंकत ते म्हणाले. “हे पानी हाये का समुंदर? कुठचं भरलं होतं म्या? काटखेडचं. काटखेडच्या विहिरीचं.”

“तुम्हाला काय वाटलं?” मी विजयी मुद्रेनं म्हणालो. “आम्ही उगीच ओरडतो? वाचा पत्रक.” आणि साक्षात पुरावा आपल्याही जिभेवर घ्यावा म्हणून बरणीत बोट बुडवून चाटलं.

ती चव मला नवी होती.

वाचकहो, मी काटखेडला तीनदा गेलो. तीनदा तिथलं पाणी तांब्यातांब्यानं प्यायलो. त्या पाण्यावर सोळा पानं लिहिली. आणि ते पाणी माझ्या तोंडात पहिल्यांदा गेलं ते अमेरिकन मोटारीच्या बरणीतून, चिंचेखाली, गुरुवारी.

मी गिरजाबाईंकडे वळलो. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“मावशी, मला तुम्ही काय पाजत होता?”

“पानी.”

“कुठलं?”

“झिऱ्याचं.”

“तिन्ही वेळा?”

“मंग? आलेल्या मान्साले खारं पानी देऊ? आमी काय मान्सं नोहे काय? पाहुन्याचा माठ अलग असते. तुलेच नाई, समद्याइलेच देतो. गावात कोनाच्याही घरी जाय.”

“वरण?”

“पाहुन्याचं वरन झिऱ्याच्याच पान्यात शिजते. खाऱ्यात शिजवलं असतं तं तुह्या दाताले लागलं असतं ना.”

“आणि सरकारी माणसं येतात ती? तपासायला?”

“थे तं मोठे पाहुने. त्याइच्यासाठी तं गायून देतो.”

गाळून! मी कपाळावर हात मारला. पाणी तपासायला जो जो आला, त्याला या गावानं दोन कोसांवरून आणलेलं, गाळलेलं, माठात गार केलेलं पाणी पाजलं. तो प्यायला, मिशी पुसली आणि लिहून गेला, की गावकऱ्यांची तक्रार कळत नाही. काटखेड यादीत का नाही, याचा शोध मी दोन वर्षं मंत्रालयाच्या दिशेनं घेत होतो. तो गिरजाबाईंच्या कोपऱ्यात होता, झाकण घालून. दुसरा माठ खाऱ्या पाण्याचा, घरच्यांचा. त्याच्याकडे मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

“तुम्ही तुमच्या हातानं तुमचं गाव बुडवलंत!” मी ओरडलो. “या पाहुणचारापायी! असला कसला मोठेपणा?”

गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या, “तू तीनदा आलता. तीनदा गोडं पानी प्याला आन् खाऱ्या पान्याचं भाषन देलं. तुले एकदाही नाई वाटलं काय का, विचारावं?”

बशीरभाईंनी तोटी निरखायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्याकडे दोन्ही कामं नव्हती.

दोन वाजत आले होते. गिरजाबाईंनी बशीरभाईंच्या हातून तोटी घेतली, उन्हात धरली आणि म्हणाल्या, “हे तं माह्या किटलीचं तोंड होय. असंच पांढरं होऊन बुजते. टोचून काय होते? त्याले आंबट पाह्यजे.”

झाडाच्या चिंचा खाली पडल्याच होत्या. चहावाल्याकडून एक भांडं मागून, चिंच कोळून, त्यात दोन्ही तोट्या उकळल्या. चहावाला म्हणाला, “तीस वर्स चहा करून राह्यलो, पन मोटारीचं सार पहिल्यांदाच पाहून राह्यलो.” पाव तासानं बाईंनी तोट्या काढल्या, फुंकल्या, आतून पांढरा चुरा पडला. तेच चिंचपाणी फडक्याला लावून काच पुसली, वरून चहावाल्याच्या माठातलं दोन तांबे पाणी मारलं. काच आरशासारखी झाली. अमेरिकेच्या काचेला काटखेडच्या बाईनं हात लावला, तरी एक ओरखडा उठला नाही. भाऊसाहेबांनी चष्मा लावून खात्री करून घेतली.

तोट्या बसवल्या. बशीरभाई फुगा दाबणार तोच मी त्यांचा पाय धरला.

“नको! बरणीतलं एक थेंबही उडवू नका. ते साहेबांना दाखवायचं आहे.”

अकोला, गुरुवार दुपार

चारला पाच कमी असताना पोचलो. कापसाच्या बाजारामुळे अकोल्यात बंड्यांची गर्दी, गिरण्यांचे भोंगे, हवेत सरकीच्या तेलाचा वास. अमरावतीचे लोक अकोल्याला नावं ठेवतात आणि अकोल्याचे अमरावतीला. दोन्ही ठिकाणच्या कचेऱ्यांतले बाक मात्र सारखेच टणक आहेत.

साहेब वाईट निघाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते भले निघाले. गिरजाबाईंना त्यांनी खुर्ची दिली. फाईल उघडली आणि म्हणाले, “काटखेड ना? मी स्वतः जाऊन आलोय. चार घरी पाणी प्यायलो. उत्तम पाणी! आमच्या बंगल्याच्या नळापेक्षा गोड. तसा शेरा आहे.” आणि त्यांनी तो वाचून दाखवला: पाणी गोडे, पिण्यास योग्य.

मी बरणी टेबलावर ठेवली. “हे काटखेडच्या विहिरीचं. घ्या चाखून.”

साहेबांनी बरणी हातात फिरवली. “हे मोटारीचं भांडं आहे ना? यात रबर, तेल, काय काय असेल. याला नमुना कसा म्हणू?”

याला उत्तर नव्हतं. तरीही मी ते दिलं, चांगलं पाच मिनिटं. शोषण, अन्याय, जनता हे सगळं त्यात आलं. साहेब ऐकत होते आणि पेन्सिल टोकदार करत होते. भाऊसाहेब मधेच म्हणाले, की अमेरिकेत या यंत्रात साबणाचं पाणी घालतात. साक्ष बुडाली असं मला वाटलं.

तेव्हा गिरजाबाई खुर्चीवरून उठल्या.

“साहेब, तुमी माह्या घरीही आलते. मांगच्या थंडीत. काया कोट होता तुमच्या आंगावर. दोन गिलास पानी प्याले.”

“हो, आठवतं. छान पाणी होतं, बाई.”

“थे आमचं नोहे. दोन कोसावरून आनलं होतं. तुमी येनार म्हनून माही सून पहाटे गेलती. आमी थे पेत नाई. आमी विहिरीचं पेतो.”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे तुम्ही मला फसवलंत?”

“फसवलं नाई. पाहुनचार केला.”

साहेबांनी फाईलमधला आपलाच शेरा पुन्हा वाचला. मग त्यांनी घंटी वाजवली, हाताखालच्या ओव्हरसियरना बोलावलं. “उद्या काटखेडला जा. नुसता विहिरीचा नमुना आणून भागणार नाही; मागच्या वेळी आपलाच माणूस म्हणाला होता, गावकरी ते पाणी पीतच नाहीत, मग विहीर तपासायची कशाला. बाईंच्या घरी हे लोक रोज जे पितात ते प्या आणि जागेवर शेरा लिहा. यादी शनिवारी जाते.” आणि गिरजाबाईंना म्हणाले, “बाई, उद्या गोडं दिलंत तर माझा जुना शेरा कायम.”

मला ही सरकारी अक्कल अजब वाटली. पण विचार केला तर दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं.

पुन्हा काटखेड, शुक्रवार

भाऊसाहेबांचं एक चांगलं सांगायला हवं: ओव्हरसियरना नेण्यासाठी त्यांनी मोटार दिली आणि स्वतः मागे माझ्याशेजारी बसले. ओव्हरसियर पुण्याकडचे, नवे नवे, तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. वऱ्हाडी बोलणं ऐकून त्यांना अजून आपल्याशी कुणी भांडतंय असं वाटायचं. बशीरभाईंनी “उतरा ना, कावून बसून राह्यले?” म्हटलं तर ते दचकून उतरले.

गिरजाबाईंना बशीरभाईंनी गुरुवारी रात्रीच घरी सोडलं होतं, त्यामुळे गावात बातमी आधीच पोचली होती. पाटलांचा माणूस चहाचं निमंत्रण घेऊन वाटेतच उभा. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो. पाटलांच्या चहातलं पाणी कुठलं असणार हे आता मला कळत होतं. वस्तीत गिरजाबाईंच्या दारात बायकांची दाटी. आणि आत भांडण.

“सरकारी मान्साले खारं पानी?” शेजारच्या वच्छलाबाई म्हणत होत्या. “गिरजे, लोकं काय म्हनतीन? वस्तीची इज्जत जाईन.”

“मले काय हौस हाये?” गिरजाबाईंचा आवाज. “साहेबानं सांगतलं तसं करून राह्यली.”

“निदान अर्धं अर्धं मिसळ ना!”

ओव्हरसियर बाजेवर टेकले. टेकताच, इतक्या पिढ्यांची सवय, शेवंता उठून पाहुण्यांच्या माठाकडे गेली. तांब्या बुडणार तेवढ्यात गिरजाबाईंनी तिचा दंड धरला. सुनेच्या हातून तांब्या घेतला. दुसऱ्या माठावरचं झाकण काढलं, तांब्या भरला आणि बाजेपाशी आल्या. पण हात पुढे होईना. मी जन्मभर मोर्चे पाहिले, लाठ्या पाहिल्या, तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आलो. एवढं अवघड पाऊल मी कुणाला टाकताना पाहिलेलं नाही. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तांब्या पुढे केला.

“घ्या साहेब. आमी हेच पेतो.”

ओव्हरसियरनी मोठा घोट घेतला. तो तोंडातच राहिला. पुण्याच्या संस्कारात यजमानाच्या दारात थुंकता येत नाही आणि ते पाणी तर गिळता येत नव्हतं. गाल फुगले, डोळे पाणावले. वस्तीतली पन्नास माणसं त्यांच्या गळ्याकडे पाहत होती. गळा हलला. घोट उतरला. त्यांनी कागद मागितला.

“गोडं आनू का आता?” गिरजाबाई भिंतीकडूनच म्हणाल्या.

“थांबा, बाई. चव आहे तोवर लिहू द्या.”

त्यांनी लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: पाणी अत्यंत खारे, मनुष्यास पिण्यास सर्वथा अयोग्य. खाली सही, तारीख.

आपलं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही, हे ऐकून इतकी हरखलेली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. बायकांनी टाळ्या पिटल्या. वच्छलाबाईंनी ‘सर्वथा’ म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. भाऊसाहेबांनी भाषणाला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या हातात कुणीतरी गुळाचा खडा ठेवला. घरोघरचा गूळ आला, फोडला, दारात बसलेल्या शेवंतापासून बशीरभाईंपर्यंत सगळ्यांना वाटला.

गुळावर पाणी हवंच. पाहुण्यांचा माठ ओव्हरसियरसाठी राखून, बाकी सगळ्यांनी दुसऱ्या माठातलं घेतलं आणि घटाघटा प्यायले. मलाही गिरजाबाईंनी त्या घरच्यांच्या माठातलंच दिलं.